टाकी फुल ते टाकी फुल

लालबाग-परळच्या टेम्पोवाल्यांत कुणी नवी गाडी आणली की रंग, कंपनी, किंमत यांची चौकशी मागाहून व्हायची. पहिला प्रश्न ठरलेला, "अ‍ॅव्हरेज काय देते?" आणि जाणता माणूस त्यावर लगेच उलट विचारायचा, "रिकामी की भरून?" हा उलटा प्रश्न आता नाक्यावर ऐकू येत नाही. गाडीच्या समोरच्या पडद्यावर आकडा दिसतो, तो खरा धरून सगळे मोकळे होतात. मालवाहू गाडीचं खरं मोल त्या एका आकड्यात कधीच मावत नव्हतं, आजही मावत नाही. आमच्या घरातल्या गाड्यांच्या पन्नासेक वर्षांच्या हिशेबातून मला हे पटलेलं आहे, म्हणून लिहिते आहे.

आमच्या थोरल्या काकांकडे महिंद्राची एफसी पिकअप होती. महिंद्रांनी 1940 च्या दशकात माझगावला जीप जोडायला सुरुवात केली आणि 1965 मध्ये जीपच्याच कुळातली ही एफसी 150 पेट्रोल गाडी काढली. तिला पुढे नाक नव्हतं. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांच्या वर बसायचा आणि इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात ते झाकण इतकं तापायचं की काका त्यावर ओलं गोणपाट टाकायचे. आम्ही पोरं त्या गोणपाटावर बसून चिंचपोकळीहून भायखळ्याला जायचो, तेव्हा खालून इंजिनाची धडधड पाठीच्या कण्यातून डोक्यापर्यंत यायची. काकांना मात्र त्या धडधडीतून एखादा प्लग सोडतोय की टॅपेट वाजतंय हे कळायचं. मागच्या हौद्यात गिरण्यांचं कॉटन वेस्ट, गिरगावातल्या दुकानांची पापड-लोणच्यांची खोकी, मंडप डेकोरेटरचे बांबू, मिळेल तो माल असायचा.

गाडी घेतली तेव्हा पेट्रोलचा फार विचार करावा लागत नव्हता. 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आवळलं, जगभर भाव भडकले आणि त्याची झळ लालबागच्या टेम्पो स्टँडपर्यंत आली. काकांची वही तेव्हापासूनची आहे. लाल पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तसली. रकाने चारच. तारीख, मीटरचं रीडिंग, लिटर आणि माल. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर लिहायचा, गाडी आठवडाभर चालवायची, पुन्हा त्याच पंपावर त्याच जागी उभी करून गळ्यापर्यंत भरायची. जितके लिटर मावले तितके जळले. पंप बदलला, गाडी थोडी उताराला उभी राहिली तर टाकीत कमी-जास्त मावतं, म्हणून जागासुद्धा ठरलेली. चौथा रकाना मालाचा होता आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "वेस्ट, 8 क्विंटल." "बांबू." "रिकामी, परत." अ‍ॅव्हरेज मोजणारे खूप होते. अ‍ॅव्हरेजच्या शेजारी माल लिहिणारे थोडे.

पेट्रोलवर ती भरलेली एफसी शहरात लिटरला सहाच्या आसपास द्यायची. मग मिस्त्रींनी हात लावला. परळला गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, दोन पत्रे आणि एक खड्डा. हात पुसायला गिरणीतलंच कॉटन वेस्ट, ढीगभर. कार्बोरेटर उघडून जेट साफ करणं, पॉइंट घासून फट बसवणं, टायमिंग कानाने जुळवणं, ब्रेक चाकाला घासत नाहीत ना हे जॅकवर चाक फिरवून बघणं, चाकांत हवा पुरती भरणं. यातलं एकही काम दिसायला मोठं नव्हतं. वहीत मात्र सहाचे सात झाले. ब्रेकचं लायनर किंचित घासत असेल, तर इंजिन सबंध दिवस तो ब्रेक ओढत बसतं. हे मिस्त्री चाक हाताने फिरवून दाखवायचे. "बघा भाऊ, दोन फेरे मारून थांबतंय. चार मारायला हवेत." पुढे 1978 मध्ये सरकारची पेट्रोलियम संवर्धन संस्था निघाली आणि ताशी 45 ते 55 किलोमीटरचा वेग ठेवा, हवा तपासा, सिग्नलला इंजिन बंद करा असं लोकांना सांगू लागली. आमच्या मिस्त्रींच्या खड्ड्यात हे ज्ञान आधीपासून होतं.

सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउसला जायचं. गिरगावच्या त्या टोकाला मोटारींच्या स्पेअर पार्टची दुकानं एकाला लागून एक. काउंटरवरचा माणूस जुना जेट नखाने घासून नंबर वाचायचा आणि मागच्या खणांतून नेमका तोच काढून द्यायचा. पैसे कमी असले की चोर बाजार. तिथे जुनं घ्यायचं तर ओळखणारी नजर हवी, म्हणून काका मिस्त्रींना बरोबर न्यायचे आणि येताना दोघं गिरगावात पियूष पिऊन यायचे.

मोठा बदल झाला तो डिझेलचा. त्या काळी डिझेल पेट्रोलच्या मानाने खूप स्वस्त होतं आणि ते तसंच राहावं ही सरकारची रीतच होती. पेट्रोलचा भाव 2010 च्या जूनमध्ये मोकळा झाला, डिझेलचा 2014 च्या ऑक्टोबरमध्ये. त्याआधीची कितीतरी वर्षं ज्याला परवडेल तो डिझेलकडे वळत होता. जीपवाले, अँबॅसडरवाले, टॅक्सीवाले, सगळे. महिंद्रांनी स्वतःच डिझेलची एफसी काढली होती, पण नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. मग मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या जातकुळीतलं जुनं डिझेल इंजिन शोधलं. फाउंडेशन बदललं, माउंटिंग नवीन वेल्ड केली, रेडिएटर मोठा केला, ताडदेवच्या आरटीओत जाऊन आरसी बुकावर इंजिन नंबर आणि इंधन बदलून घेतलं. गाडी सुरू झाली तेव्हा आख्ख्या चाळीची भांडी थरथरली.

वहीत मात्र आनंदीआनंद. सातचे दहा, कधी अकरा. याचं कारण साधं आहे. लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा जरा जास्त ऊर्जा असते आणि डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन बरंच जास्त असल्याने त्या ऊर्जेचं काम अधिक होतं. शिवाय पेट्रोल इंजिन कमी ताकदीवर चालवताना हवेची वाट अर्धी बंद करून चालतं, ती ओढाताण डिझेलमध्ये नसते. मुंबईच्या रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ कमी ताकदीवरच चालते, त्यामुळे फरक अधिकच दिसला.

पण गाडी पळेना. डिझेल इंजिनाचे फेरे कमी आणि एफसीचे गिअर पेट्रोल इंजिनाच्या जलद फेऱ्यांसाठी बनवलेले. टॉपमध्ये गाडी नुसती ओरडायची. मग मागचा क्राउन-पिनियन बदलला, टायरही एक नंबर मोठे चढवले. गाडी सुटली, वेग आला. आणि वहीत अ‍ॅव्हरेज उतरलं! काका दोन आठवडे चिंतेत. मिस्त्रींनी त्यांना पनवेलच्या रस्त्याला नेलं आणि किलोमीटरचे दगड मोजत मीटरशी ताडून पाहिलं. दगड पुढे, मीटर मागे. त्या गाडीचा मीटर गिअरबॉक्सच्या बाजूने फिरायचा, चाकावरून नव्हे. क्राउन-पिनियन बदलला, टायर मोठा झाला की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त रस्ता कापते, पण मीटरला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे गाडी खरं तर जास्त देत होती आणि मोजणारं यंत्र कमी सांगत होतं. त्या पानावर काकांनी समासात लिहिलंय, "दगडाप्रमाणे धरणे." सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगडही शहरात होते, पण बहुतेक फूटपाथात गळ्यापर्यंत गाडलेले. त्यांतले काही पालिकेने अलीकडे वर काढून नीट केले, याचं मला फार बरं वाटतं.

आज गाडीत मोठे टायर आणि अलॉय चढवणारी मुलं पडद्यावरचा आकडा बघून हळहळतात किंवा खूश होतात. मीटर आणि पडदा कशावरून मोजतात हे त्यांना कुणी सांगत नाही. कंपनीने जो घेर धरून हिशेब केलाय तो टायर बदलताच चुकतो, आणि त्यावर बेतलेलं अ‍ॅव्हरेजही.

गाडीत पुढचा बदल झाला तो हौद्याला. फळ्या वाढवल्या, वर पाइपाची चौकट करून ताडपत्री चढवली, मागच्या कमानींत दोन पाटे जादा घातले. वजन वाढलं, गाडी उंच झाली, अ‍ॅव्हरेज नऊ-साडेनऊवर आलं. स्टँडवरच्या लोकांनी काकांना वेड्यात काढलं, की डिझेल करून जे कमावलं ते पाट्यांत घालवलं. काकांनी वही उघडून चौथा रकाना दाखवला. दादरच्या फुलबाजारात झेंडूची पोती भरायची तर वजन फार होत नाही, जागा मात्र लागते. आधी दोन फेऱ्यांत जाणारा माल आता एका फेरीत जात होता. लिटरला दीड किलोमीटर कमी झाला खरा, पण आख्खी एक फेरी वाचली. जड मालाचं तसं नाही. पासिंगपेक्षा जास्त भरलं की पाटे तोलतील, पण ब्रेक, टायर आणि समोरून येणारा माणूस ते तोलत नाही. तो मोह अनेकांना झाला, त्यांत आमचं घरही येतं, आणि त्याचं कौतुक मी करणार नाही.

याच फळ्यांनी एक गोष्ट शिकवली. परळहून गिरगावला जाताना त्या उंच ताडपत्रीचा काही त्रास नव्हता. मुंबईच्या घाऊक बाजारांचं बस्तान हळूहळू वाशीला हललं, 1990 च्या दशकात भाजीचा बाजारही भायखळ्याहून गेला, तेव्हा आमच्या फेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या होत्या त्या खाडीपलीकडे गेल्या. खाडीच्या पुलावर वारा त्या ताडपत्रीला छातीवर घ्यायचा आणि डिझेल घटाघटा जायचं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वीसच्या वेगाला जो नगण्य असतो तो साठला नऊपट होतो. गाडीतला बदल तोच, फळ्या त्याच, पण रस्ता बदलला आणि हिशेब उलटला. काकांनी मग वाशीला जाताना चौकट काढून ठेवायची सवय लावून घेतली.

गणपतीचे दिवस वहीत वेगळे ओळखू येतात. परळच्या कार्यशाळांतून मूर्ती निघायची ती पहिल्या गिअरमध्ये, माणसांच्या पावलाने. विसर्जनाला लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंतचं अंतर एरवी अर्ध्या तासाचं. मोठ्या मंडळांना ते कापायला रात्र उलटून दुसरा दिवस उजाडतो. तेवढा वेळ इंजिन चालूच. गाडी जागेवर उभी असली तरी तसलं डिझेल इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. त्या दिवसांपुढे काकांनी अ‍ॅव्हरेज काढलेलंच नाही, फक्त "बाप्पा" एवढं लिहून रेघ मारली आहे. मला त्या सगळ्या वहीतली ही रेघ सर्वांत आवडते.

स्मरणात रमताना धूर विसरता कामा नये. मिस्त्री पंप आणि नोझल नीट बसवायचे, पण सगळेच तसे नव्हते. ताकद हवी म्हणून पंप जास्त उघडायचा, मग चढावर काळा लोट सोडत गाडी जायची. काही जण रेशनचं निळं रॉकेल मिसळायचे. डॉ. आंबेडकर रोडला राहणाऱ्यांच्या खिडक्यांच्या गजांवर बोट फिरवलं की काळं व्हायचं. शेवटी नागरिक उच्च न्यायालयात गेले, 1999 च्या डिसेंबरात न्यायालयाने परिवहन आयुक्त लाल यांच्या नावाने ओळखली जाणारी समिती नेमली आणि त्या आदेशांच्या ओघात जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. ज्या पद्मिनी टॅक्सीत पेट्रोल काढून डिझेल घातलं होतं तिच्या डिकीत आता गॅसचा सिलिंडर आला. एकाच गाडीने तीन इंधनं पाहिली. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आमची एफसी त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती.

आता माझा चुलतभाऊ छोटा टेम्पो चालवतो. पेट्रोल गाडी घेऊन तिला सीएनजीचं किट बसवून घेतलं. लालबागचा चिवडा आणि मसाल्याची पाकिटं दादर, गिरगाव, कधी वाशी. तो म्हणतो, "ताई, पंधराचं वीस झालं." मी काकांच्या वहीवर वाढले, म्हणून त्याला म्हटलं, "कशाचं वीस?" पेट्रोल लिटरने मोजतात, गॅस किलोने. एक किलो सीएनजीमध्ये एका लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. तेव्हा पंधराचे साडेबावीस व्हायला हवे होते. वीस झाले याचा अर्थ गाडी किंचित जास्तच पिते. ते साहजिक आहे. सिलिंडरचं वजन वाढलं आणि गॅस इंजिनात हवेची जागा अडवतो म्हणून ताकदही कमी होते. तरी गॅस स्वस्त पडतो, धूर नाही, त्यामुळे निर्णय चांगलाच. पण सिलिंडर केबिनच्या मागे हौद्यात बसलाय आणि खोक्यांची एक रांग त्याने खाल्ली आहे. पडद्यावर ती रांग दिसत नाही. ती चौथ्या रकान्यात दिसली असती.

बाकी त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नाही. इंजिनाचा सगळा कारभार इसीयूकडे, म्हणजे गाडीतल्या संगणकाकडे, जेट नाही, पॉइंट नाही. काकांनी केले तसले बदल आता करायचे म्हटले तर कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत दिलेला निकाल यांनी मूळ बनावटीत फेरफार करायला अटकाव केला आहे. मंजुरी असलेलं गॅस किट आरसीवर चढवून मिळतं, अशी थोडीफारच मोकळीक. रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाचा विचार करता मला हे मान्य आहे. फक्त एक खटकतं. मालकाला गाडीत हात घालता येत नाही, आणि इंधन मात्र त्याला न विचारता बदलतं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यासाठी न घडवलेल्या जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात म्हटलं होतं. ज्यांनी वही ठेवली त्यांना ही घट दिसेल. इतरांना गाडी म्हातारी झाली असं वाटेल आणि ते उगाच गॅरेजात पैसे घालतील.

मिस्त्रींचं गॅरेज जिथे होतं तिथे आता काचेचा टॉवर आहे. त्यांचा मुलगा हत्यारं घेऊन नवी मुंबईला गेला, तिकडे स्कॅनर लावून गाड्या तपासतो आणि त्याचं काम चांगलं चालतं. चाक जॅकवर घेऊन फेरे मोजायला त्याला आजही कुणी सांगत नाही, तो आपणहून करतो.

सगळ्यांत जास्त इंधन खातो तो आता रस्ताच. एल्फिन्स्टनचा पूल 2025 च्या सप्टेंबरात पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून परळच्या पूर्वेहून पश्चिमेला जायचं तर टिळक पुलाला किंवा करी रोडला वळसा. त्या वळशात सिग्नलला उभं राहण्यात जे जळतं ते कुठल्याही किटने वाचणार नाही. भावाला मी माल लिहायला लावलंय, वळसाही लिहायला लावलाय. एकाच दुकानाची डिलिव्हरी पूल बंद होण्याआधी आणि नंतर केवढ्याला पडते, हे त्याला आता पैशात सांगता येतं, आणि त्यावरून त्याने दोन गिऱ्हाइकांकडून भाडं वाढवून घेतलं.

पुढची गाडी विजेची घ्यावी का, असा त्याचा विचार चाललाय. टाटाची एस ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा एका चार्जला 154 किलोमीटर, बॅटरी 21.3 युनिटची आणि माल 600 किलो, असे आकडे दिले होते. म्हणजे युनिटला सातच्या वर, अर्थात चाचणीतल्या रस्त्यावर. 2005 मध्ये आलेली पहिली डिझेल एस 750 किलो घ्यायची. दीडशे किलोंचा हा फरक सिमेंट नेणाऱ्याला भारी पडेल. चिवड्याला पडणार नाही, कारण चिवड्याने हौदा भरतो तेव्हा वजन निम्मंही झालेलं नसतं. मुंबईच्या थांबत-थांबत चालणाऱ्या रस्त्यावर विजेची मोटर उभी असताना काही खात नाही आणि ब्रेक दाबताना थोडं परत कमावते, तेव्हा गणपतीच्या दिवसांतही तिचा हिशेब मांडता येईल. अडचण आहे ती चार्जिंगची. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत त्याला पार्किंग मिळालं ते यांत्रिक, एकावर एक गाड्या चढवायचं, आणि त्याच्या हौद्याच्या वाढवलेल्या फळ्या त्या खणात मावत नाहीत. सोसायटीकडे त्याने जमिनीवरची एक जागा आणि एक मीटर मागितलाय. पुढच्या महिन्याच्या सभेत तो विषय आहे.